क्रिस्टलवरचं गंध

ओल्या गंधाचा वास आला की मला अजून मळमळतं. देवळात नाही, घरात नाही. कचेरीत, कारखान्यात, जिथं एखाद्या यंत्राला हार घालून ठेवलेला असतो तिथं. बहीण म्हणते, तू नास्तिक झालीस. नास्तिक वगैरे काही नाही. मी एकदा संगणकातल्या एका कार्डावरचं गंध स्पिरिटनं पुसलंय. पुसताना जी किळस आली ती गंधाची नव्हती, ते लावणाऱ्या बोटाची होती.

नामांतराच्या लढ्याची ती शेवटची वर्षं. तेव्हाचं औरंगाबाद वाळूज, चिकलठाणा, पैठण रस्ता असं चहूबाजूंनी कारखान्यांनी फुगत चाललं होतं, आणि त्याच गावात विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. मी वैजापूरची. घरी कापूस, कांदा, आणि सुपारी कातरता कातरता नामांतराला शिव्या घालणारे काका. पुण्यात जाऊन संगणक शिकले आणि चितेगावच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. तिथं संगणक विभाग म्हणजे दोन माणसं: मी आणि माझे साहेब. साहेबांचा शर्ट कायम पांढरा, भांग कायम सरळ, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर ठरलेलं: "सब ठीक है ना? मग झालं."

माझं काम समजावून सांगायला जरा कटकटीचं आहे, पण सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. हजेरीसाठी कंपनीनं युनिक्सवर चालणारा एक संगणक घेतला होता. फाटकावर हजेरीचं कार्ड घालायची पेटी होती, तिच्यावर वेळ दाखवणारे हिरवे आकडे. वेळ मात्र त्या पेटीत नव्हती. ती संगणकाच्या पोटात बसवलेल्या एका सर्किट कार्डावर होती: घड्याळाची चिप, वीज गेली तरी ती चालत राहावी म्हणून एक सेल, आणि शेजारी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, चांदीसारखी चकाकणारी नळी. तिला क्रिस्टल म्हणतात. क्रिस्टल थरथरतो, चिप ते थरथरणं मोजते आणि त्याचे सेकंद करते. संगणकाचा मुख्य कारभार कर्नेल बघतो. त्या कर्नेलला हे कार्ड ओळखीचं नव्हतं. ती ओळख करून देणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो मी लिहिला होता.

चांगल्या दिवसासाठी ड्रायव्हर लिहायला फार अक्कल लागत नाही. वेळ विचारायची, वेळ द्यायची, शून्य परत करायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक. खरं काम असतं ते बिघडल्यावर काय करायचं याचं. सेल संपला तर? चिप उत्तरच देईना तर? सेकंदाचा आकडा पुढं सरकेना तर? प्रत्येकासाठी मी वेगळी चूक ठरवून दिली होती. चूक आली की ड्रायव्हर वेळ द्यायला साफ नकार द्यायचा, फाटकावर आकड्यांऐवजी आडव्या रेघा यायच्या आणि पेटीवरचा लाल दिवा लागायचा. मग वॉचमननं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघून येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ हातानं लिहायची. ठाऊक नाही ते सांगणार नाही, एवढंच माझ्या त्या कोडचं म्हणणं होतं. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. ड्रायव्हर सगळ्यात खाली असतो. तो खोटं बोलला की त्याच्यावरचे सगळे प्रोग्राम अगदी प्रामाणिकपणे खोटं बोलतात.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या मशिनी बंद करून पुसायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. त्याला माझी काहीच हरकत नव्हती. पेढे मलाही आवडायचे. आमच्या केबिनची पूजा साहेब करायचे. चपला बाहेर, डोक्यावर रुमाल, हातात चंदनाची वाटी. त्या वर्षी त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, म्हणाले, "टोपणाची काय पूजा करायची? आत काय आहे ते दाखव देवाला. उघड."

मी संगणकाचे स्क्रू काढले. साहेब वाकून बघत राहिले आणि त्यांचं बोट नेमकं त्या चकाकणाऱ्या नळीवर गेलं. "हे काय गं?"

"क्रिस्टल. याच्यावर घड्याळ चालतं."

"म्हणजे काळीजच की." आणि अनामिकेनं भरपूर ओलं गंध घेऊन त्यांनी त्या नळीवर दाबलं. वर चार अक्षता चिकटवल्या.

मी ओरडलेच. "साहेब, त्याच्या दोन पायांच्या मध्ये ओल गेली तर घड्याळ बंद पडतं!"

"देवाच्या गंधानं कधी काही बंद पडलंय का?" साहेब म्हणाले. दारात पेढ्यांसाठी उभी असलेली मंडळी हसली. मी टोपण लावलं. पेढा घेतला नाही, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

गंध वाळलं तेव्हा घड्याळ चालू होतं. पण वाळलेलं गंध दमट हवेत पुन्हा ओल धरतं. आठवड्याभरात मालक परदेशी पाहुण्यांना घेऊन आले, आणि नेमक्या त्याच वेळी फाटकावर लाल दिवा लागला. आमचा वॉचमन सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची सवय असलेला त्याचा आवाज. तो फाटकातून ओरडला, "साहेब, घड्याळ मेलं!" पाहुण्यांनी विचारलं, काय झालं? मालकांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पाहुण्यांसमोर त्या वॉचमनला असं झापलं की तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला.

मग साहेब माझ्याकडं आले. दिवा का लागला?

"तुम्ही लावलेल्या गंधामुळं," मी म्हणाले. "स्पिरिटनं पुसते, पाच मिनिटांचं काम आहे."

"दसऱ्याचं गंध पुसतात का कुणी? दिवाळी होऊन जाऊ दे." आणि मग त्यांनी खुर्ची ओढून मला शांतपणे समजावलं. मला त्यांच्या रागापेक्षा त्या शांतपणाचीच जास्त शिसारी आली. "हे बघ, चूक दाखवायचीच कशाला? घड्याळ जरा अडकलं तर शेवटची जी बरोबर वेळ होती ती देत राहायची. चालू होईल तेव्हा होईल. लाल दिवा नको, रेघा नकोत. कुणाला काय कळतंय?"

"ते खोटं होईल."

"खोटं कुठं? मघाचं खरंच आहे."

मी नाही म्हणाले. मग साहेब स्वतः माझ्या खुर्चीत बसले. त्यांना कोड कळत नव्हतं अशातला भाग नाही, चांगलं कळत होतं. माझ्या सगळ्या चुका, एकेक विचार करून मांडलेल्या, त्यांनी पुसून टाकल्या आणि त्या जागी लिहिलं: काही बिघडलं तर मागची वेळ दे आणि शून्य परत कर. शून्य म्हणजे सगळं ठीक. मी शेजारी उभी राहून बघत होते. कुणी आपल्या ताटातलं उष्टं आपल्यासमोर भांड्यात परत टाकावं तसं मला झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरात नामांतराचा मोर्चा होता. कंपनीनं आदल्या दिवशीच फलक लावला: पाळी सोडून जाईल त्याच्यावर कारवाई. रात्री परतीचा पाऊस दणकून पडला. सकाळी मी आले तर केबिनमधला एसी बंद, भिंतींना ओल, कागद नरम. दुपारी साहेबांना उकाडा सहन होईना, त्यांनी मेंटेनन्समधून फिटर बोलावला.

हा फिटर शहरातल्या एका वस्तीतून रोज कंपनीच्या बसनं यायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, हात बारीक पण पक्के. त्याच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून निळ्या रंगात ‘जय भीम’ लिहिलेलं होतं. झाकण उघडलं की दिसायचं, मिटलं की नाही. तो कोण, कुठला, नामांतराच्या कुठल्या बाजूचा, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं चपला बाहेर काढल्या, स्टूल घेतलं आणि अनवाणी चढून एसी उघडला. साहेब टेबलाशी बसून वारा घेत होते. मध्येच म्हणाले, "काय रे, आज तुमचा मोर्चा ना? तू नाही गेलास?"

त्यानं मान वळवली नाही. "ड्युटी हाय साहेब."

"शहाणा आहेस," साहेब म्हणाले.

फिटर पाना फिरवत राहिला. त्याच्या हाताखालचा नट कधीच घट्ट बसला होता, मला खालून दिसत होतं, तरी फिरवत राहिला. मला तेव्हा वाटलं, साहेबांच्या कौतुकानं अवघडला असेल. पहिली पाळी सुटायच्या जरासं आधी एसी चालू झाला. त्यानं फरशीवरची आपल्या ओल्या पावलांची खूणही फडक्यानं पुसली आणि गेला.

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा फाटकावर हिरवे आकडे सव्वानऊ दाखवत होते. सकाळचे सव्वानऊ. वॉचमनला विचारलं, हे कधीपासून?

"सकाळधरनं तेवढंच दावतंय, ताई."

"मग सांगितलं का नाही?"

"मागल्या येळी सांगितलं तर साहेबानं लई झापलं. आन् लाल दिवा कुठं लागलाय? दिवा लागला की सांगायचं, असं तुमीच म्हणला व्हता."

खरंच होतं ते. सकाळच्या ओलीनं घड्याळ थांबलं होतं, आणि ड्रायव्हर दिवसभर येईल त्याला सव्वानऊ सांगत होता, शून्य परत करत होता. मशीनच्या हिशेबानं पहिली पाळी सगळीच्या सगळी सव्वानऊला काम सोडून निघून गेली होती आणि दुसरी पाळी त्याच सव्वानऊला आत आली होती. मला हसू आलं. असा सरळ वेडेपणा कुणाच्याही लक्षात येईल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न विचारता मी टोपण उघडलं. गंधाचा चिखल झाला होता, अक्षता फुगल्या होत्या. मी ते सगळं ब्रशनं, स्पिरिटनं घासून काढलं. घड्याळ चालू झालं आणि नंतर ते कधी थांबलं नाही. हजेरीचा हिशेब ठेवणाऱ्या टाइम ऑफिसनं त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. सव्वानऊ खोडून तीन, पाळी बदलायची वेळ. सगळ्यांच्या.

एक सोडून. त्या फिटरला चार्जशीट मिळाली: पाळी अर्धवट सोडून, परवानगी न घेता मोर्चाला गेल्याबद्दल. पुरावा, मशीनची नोंद, सव्वानऊ. त्याची नोकरी जाणार की राहणार, एवढाच आता प्रश्न होता.

एकेक नोंद दुरुस्त करत जाताना कुणाचं तरी बोट त्याच्या नावावर येऊन थांबलं असणार, क्षणभर विचार केला असणार, आणि पुढच्या नावावर गेलं असणार. ते बोट कुणाचं होतं ते मला कधी कळलं नाही. मी धावत साहेबांकडं गेले. म्हटलं, चुकून राहिली असेल, आपण सांगू या.

"चुकून कशी राहील?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, द्वेषही नव्हता. बाजारभाव सांगावा तसं ते सांगत होते. "बाकीचे कुठं जाणार होते? त्यांचा त्या मोर्चाशी काय संबंध? त्यांच्या बाबतीत मशीन चुकलं हे उघडच आहे."

"आणि याच्या बाबतीत?"

"याच्या बाबतीत कशावरून चुकलं?"

मला त्या माणसाच्या सरळ भांगाकडं बघवेना. एकच चिप, एकच मिनिट, एकच अडकलेला आकडा. बाकीच्यांसाठी ती चूक आणि एका माणसासाठी पुरावा. माझ्या आयुष्यात इतकं गलिच्छ कोड मी कुणाचं बघितलं नव्हतं, आणि हे तर कुठं लिहिलेलंही नव्हतं.

दिवाळीला वैजापूरला गेले, घरात सांगितलं. काका म्हणाले, "गेलाच असणार." मी म्हटलं, मी माझ्या डोळ्यांनी त्याला केबिनमध्ये बघितलं. काका म्हणाले, "मग तू बघायच्या आधी जाऊन आला असेल." मी हातातली करंजी ताटात परत ठेवली.

चौकशी कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये झाली. चौकशी अधिकारी शहरातले एक वकील. कंपनीतर्फे साहेब, फिटरतर्फे फिटर स्वतः, आणि युनियनचा पुढारी खिडकीजवळ बसलेला, तोंडात सुपारी धरून मूग गिळून. फिटरला साहेबांना प्रश्न विचारायची परवानगी होती. त्यानं एकच विचारला.

"साहेब, त्या दिवशी दुपारी तुमचा एसी कुणी दुरुस्त केला?"

साहेबांनी वर बघितलं. कॉन्फरन्स रूमच्याही भिंतीवर एसी होता, तो गुरगुरत होता. "एसी दुरुस्त झाला, एवढं आठवतं," ते म्हणाले. "कुणी केला ते लक्षात नाही."

‘शहाणा आहेस’ म्हणणारं तेच तोंड. माझी साक्ष आली तेव्हा मी सगळं सांगितलं: स्टूल, अनवाणी पाय, मोर्चाचा तो प्रश्न, त्याचं उत्तर. गंध सांगितलं, क्रिस्टल सांगितला, लाल दिवा कुणी बंद पाडला तेही सांगितलं. वकीलसाहेब सभ्यपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, माणसाची आठवण चुकू शकते. मशीनला कुणाची बाजू घ्यायची नसते. मशीननं त्या वेळी काही चूक दाखवली होती का?"

"नाही. चूक दाखवायचं काढून टाकलं होतं."

"म्हणजे नाही," वकील म्हणाले आणि लिहून घेतलं.

निकालाऐवजी आधी तडजोड आली. बहुधा मालकांना शहरातल्या त्या तापलेल्या दिवसांत कंपनीचं नाव कुठं यायला नको होतं. फिटरनं माफीनामा लिहून द्यायचा: मी पाळी सोडून गेलो होतो, पुन्हा असं करणार नाही. मग नोकरी कायम, पगार कायम, विषय संपला. पुढारी खुश. त्यानं फिटरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "कर सही. चार ओळींनी कुणाचं काय जातंय?" साहेब तर अगदी मायाळू झाले होते. त्यांनी स्वतःचं पेन उघडून पुढं केलं. "आपण सगळे एकाच कंपनीतले," म्हणाले. "सब ठीक होऊन जाईल."

मीही तिथं होते. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, करावी त्यानं सही. नोकरी वाचेल. खोटं लिहून का होईना, वाचेल. अशा ठिकाणी काही वर्षं काढली की माणूस कसा विचार करायला लागतो ते बघा.

फिटरनं कागद वाचला. पेन घेतलं नाही. तो उभा राहिला आणि पहिल्यांदाच मी त्याला सलग इतकं बोलताना ऐकलं.

"साहेब, मोर्चाला गेलो असतो तर छाती ठोकून सांगितलं असतं. नाय गेलो. आमची समदी वस्ती गेली. माझी माय गेली, काठी टेकत गेली, पोलिसांच्या गाड्या बघितल्या तरी म्हातारी मागं फिरली नाय. आन् मी इथं नोकरीच्या भेवानं तुमचा एसी दुरुस्त करीत बसलो. तुमी मला शहाणा म्हणालात. त्या दिवसापासनं घरी मायच्या तोंडाकडं बघायची लाज वाटती. माफी मागायची हायच मला. पर ती तिला मागीन. तुमाला कशाची मागू?"

त्याचा पाना फिरवत राहणं मला तेव्हा कळलं.

साहेब पेनाचं टोपण लावत म्हणाले, "विचार कर. पाळी सुटेपर्यंत वेळ आहे."

"कशाला सुटेपर्यंत?" फिटर म्हणाला. त्यानं कंपनीचे पाने आणि पकडी पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीतून काढून टेबलावर मांडल्या, त्या माफीनाम्यावरच. पेटी त्याची स्वतःची होती. ती उघडीच काखोटीला मारून, निळी अक्षरं सगळ्यांना दिसत असताना, तो बाहेर पडला. मी त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले.

भर सकाळ होती, पाळी सुटायला खूप अवकाश होता. त्यानं खिशातून कार्ड काढलं, पेटीत घातलं, बाहेर काढलं आणि वॉचमनच्या हातात दिलं. मग रस्ता ओलांडून शहराकडं जाणाऱ्या टेम्पोला हात केला.

वॉचमननं हिरव्या आकड्यांकडं बघितलं, मग आपल्या मनगटाकडं. "आज बराबर हाय, ताई," तो म्हणाला.

फिटरची ही नोंदही टाइम ऑफिसनं दुरुस्त केली नाही.